काचेमागची सवत

‘एथनिक’ हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं फिरतं. सून म्हणते, "आई, प्रेशर वाढेल." वाढू दे. जिने उभा जन्म गिरगावातल्या पेढ्यांवर दागिन्यांचे नमुने काढण्यात घालवला, तिला एवढा राग यायलाच हवा. लग्नसराईत कुठल्याही हॉलमध्ये जाऊन बसा. बायका एकमेकींच्या गळ्यातले हार उचलून बघतात आणि विचारतात, "कुठून घेतलंस गं? किती एथनिक आहे!" घालणारी दुकानाचं नाव सांगते. तो नमुना मुळात कुणाच्या गळ्यातून उतरून दुकानात आला, हे ना तिला ठाऊक, ना विकणाऱ्याला. दोघांनाही त्याचं काही पडलेलं नाही. "आपली परंपरा आहे" म्हटलं की सगळं माफ.

दिवाळीच्या अंकात आठवणी लिहायच्या म्हणजे चार गोड गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. गोड आठवणी माझ्याकडेही आहेत, त्या फराळाच्या वेळी तोंडी सांगेन. लिहायची म्हणून ठेवलेली आठवण ही एकच आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. लोकांना वाटतं दागिना सोनार घडवतो, मग चित्र काढणारीची गरज काय? गरज अशी की कारागिराचे हात पिढ्यान् पिढ्या तोच दागिना घडवत असतात आणि गिऱ्हाइकाला दर लग्नसराईत नवं काही हवं असतं. या दोघांच्या मध्ये मी. दागिना जेवढा व्हायचा तेवढ्याच आकाराचं चित्र काढायचं, समोरून, बाजूने आणि मागूनही. मागची बाजू कुणी बघत नाही, पण अंगाला लागते तीच. आमचा कारागीर रघुनाथ माझं चित्र उलटंसुलटं करून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, कागदाला वजन नसतं." ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. मी करवंदाच्या घोसाची कानातली काढली होती. चित्र इतकं सुरेख झालं होतं की मीच त्याच्या प्रेमात पडले. रघुनाथने एक जोड घडवला, मी हौसेने घातला, आणि दुपारपर्यंत कानाच्या पाळ्या खांद्याला लागतात की काय अशी अवस्था झाली. पेढीचे मालक नाना हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मी तो घोस सुटा केला, करवंदं पोकळ केली, आणि पुढच्या मे महिन्यात ती कानातली सगळ्या गिरगावात दिसायला लागली.

नानांची पेढी फणसवाडीच्या तोंडाशी होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड. माणूस हुशार, बोलायला गोड, आणि वारा कुठून कुठे वाहतोय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. चौपाटीवर सभा, रस्त्यात मोर्चे, भिंतीभिंतीवर ‘झालाच पाहिजे’. गोळीबारात माणसं गेली होती. घराघरातून संताप होता आणि त्या संतापाच्या बरोबरीने एक नवीन अभिमानही आला होता. काल-परवापर्यंत ज्या बायका आमच्याकडे येऊन "काळबादेवीला मिळतो तसा सेट दाखवा" म्हणायच्या, त्याच आता विचारायला लागल्या, "आपलं मराठी काही आहे का हो?"

नाना मला म्हणाले, "मालती, गावाकडचं काहीतरी काढ. पण जुनाट नको. कॉलेजातल्या मुलींनी घातलं पाहिजे."

मला हेच हवं होतं. मी वही घेऊन राणीच्या बागेत बसायचे, भुलेश्वरच्या फूलवाल्यांकडे उभी राहायचे. सुरंगीचे गजरे, उंबर, आघाड्याचा तुरा, काय काय मी सोन्यात उतरवलं. भाताच्या लोंबीचा हार मी काढला तेव्हा रघुनाथसारखा माणूस, ज्याच्या तोंडून कधी शाबासकी निघायची नाही, तो म्हणाला, "ह्याला वास येतोय ताई, भाताचा." त्या हाराचा मला आजही अभिमान आहे. पण लोंबी शेतातून उचलता येते, तशी प्रत्येक वस्तू उचलता येत नाही. मला कुठे थांबायचं ते कळत होतं. नानांनाही कळत होतं, म्हणून तर माझा राग अजून उतरत नाही.

एके दिवशी लालबागची एक बाई पेढीवर आली. काखेत वर्षाची मुलगी. नाव पार्वती, नवरा गिरणीत साचेखात्यात. तिने चोळीच्या आतून हळदीने पिवळा झालेला दोरा काढला, त्यात ओवलेला सोन्याचा छोटा टाक होता. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर उठवलेली आकृती. घरोघरी देवघरात देवांचे टाक असतात तसा. त्याची कडी तुटली होती.

"आत्ताच जोडून द्या," ती म्हणाली. "मी हयच बसतंय."

नानांनी टाक उलटा करून कडी पाहिली, मग सुलटा केला आणि बराच वेळ बघत राहिले. माझ्या जागेवरून मला नुसती त्यांची बोटं दिसत होती. "आत्ता व्हायचं नाही," ते म्हणाले. "डाग द्यायला वेळ लागतो. उद्या ये."

"उद्या? रातभर तिका हयसर ठेवू? जमाचा नाय."

कडीला डाग देऊन ती सांधायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. एक चहा होईस्तोवरचं काम. पण मालक बोलला म्हणजे काही कारण असेल असं वाटून मी गप्प राहिले. पार्वतीची समजूत घालायला म्हणून तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तिला म्हणजे कुणाला?"

"आमची भागी. माझी सवत," ती म्हणाली. "माझ्या आदी हेंची बायको. बाळंतपणात गेली. ही पोर तिचीच असा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको वारल्यावर पुरुषाने दुसरं लग्न केलं, तर दुसरीने गळ्यात पहिलीचा टाक घालायचा, अशी आपल्याकडे पुष्कळ घरांतून चाल होती. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला, मग स्वतःला. आजच्या मुली ऐकून नाक मुरडतील. मीही मुरडलं असतं, पण पार्वती त्या सवतीबद्दल बोलत होती ते थोरल्या बहिणीबद्दल बोलावं तसं. तिने भागीला कधी पाहिलंही नव्हतं. गावच्या सोनाराने मात्र पाहिलं होतं, म्हणून नवऱ्याने त्याच्याकडूनच टाक करून घेतला होता. भागी नेहमी अबोलीचा वळेसर माळायची, तोही सोनाराने केसांत उठवला होता. फोटो बिटो नव्हता. होतं ते तोंड एवढंच.

शेवटी नानांनी तिला परत पाठवलं. जाताना तिने रिकाम्या गळ्यासाठी माझ्याकडून दोरा मागून घेतला, तिथेच हळद लावून बांधला. दुसऱ्या दिवशी येऊन कडी जोडलेला टाक घेऊन गेली.

पुढे काही महिन्यांनी नानांनी माझ्यापुढे सोन्याचा एक चेहरा ठेवला. केसांत अबोली, गालावर छोटीशी खळी. "याच्याभोवती हार काढ."

"कुणाचा आहे?"

"वडिलांच्या वेळचा देवीचा ठसा सापडलाय जुन्या सामानात."

देवी म्हटल्यावर लालबागची अबोली मला आठवलीच नाही; मी हार काढला. दोन्ही बाजूंनी अबोलीच्या फुलांची रांग, मधे तो चेहरा. नानांनी त्याचं नाव ‘अबोली हार’ ठेवलं आणि काचेत लावला. त्याच्याइतकं काही माझ्या हातून पूर्वी खपलं नव्हतं. बायका काचेसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "अगं, खळी बघ, खळी!"

एका दुपारी गिरणगावातून मोर्चा आला. पुढे बायका होत्या. गिरगावातून चौपाटीकडे जाताना आमच्या दारावरून गेला, आम्ही पायरीवर उभे होतो. बायकांच्या रांगेतून एकजण एकाएकी बाजूला झाली आणि काचेसमोर थांबली. पार्वती. कडेवर मुलगी. ती मुलगी काचेवर हात आपटून एकेका हाराकडे बोट दाखवत होती आणि ओरडत होती, "मोठी आये! मोठी आये!"

पार्वती आत आली. मोर्चा पुढे गेला तरी तिच्या घोषणेचा आवाज घशात तसाच होता.

"ह्या तोंड आमच्या भागीचा असा," ती नानांना म्हणाली. "तुमी माका फसवलास."

"अगं बाई, देवी आहे ती," नाना म्हणाले. "देवी काय, सगळ्यांचीच."

"देवीच्या गालाक पोरगी दात लावता?"

तिने गळ्यातला टाक काढून काउंटरवर ठेवला, काचेतला एक हार मागून त्याच्या शेजारी ठेवला. मंदाला, त्या मुलीला, दात येत होते तेव्हा ती मांडीवर पडून टाक चावायची. पोकळ पातळ सोनं, त्यात एक दात उमटला होता. तोच दात हारातल्या प्रत्येक चेहऱ्यावर होता, त्याच जागी, तेवढाच. ज्या खळीवर गिरगाव-दादरच्या बायका लुब्ध झाल्या होत्या ती ही. मी रघुनाथकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. टाक पेढीवर राहिला त्या रात्री नानांनी त्याच्याकडून तो मेणात दाबून छाप घेतला होता, तो रे रोडच्या एका ओताऱ्याकडे नेऊन काशाचा ठसा ओतून आणला होता. ठसा एकदा झाला की मग काय, पातळ पत्रा ठेवायचा आणि वरून शिशाने ठोकायचं, हवी तेवढी तोंडं.

मी ज्या बाईला पाणी दिलं होतं, दोरा दिला होता, तिच्या सवतीभोवती मीच फुलं गुंफून दिली होती, आणि मला देवी म्हणून सांगण्यात आलं होतं.

"एक हार तू घेऊन जा," नाना म्हणाले. "आमच्याकडून भेट."

पार्वती त्यांच्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आता ही हात उचलते. पण ती म्हणाली, "ठसो मोडा. माझ्यासमोर मोडा."

"तो मोडायचा नाही." नानांचा आवाज अजून गोडच. "आत्ता मोर्चात काय ओरडत होतीस? मुंबई आमची, महाराष्ट्र आमचा. म्हणजे आपलं ते सगळ्यांचं, असंच ना? मग ही तेवढी तुझी एकटीची कशी?"

"मुंबय सगळ्यांची," पार्वती म्हणाली. "सवत माझी."

तिने टाक गळ्यात घातला, मुलीला उचललं आणि गेली. रस्त्यात पोरीचं रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. तिचा नवरा तेव्हा सत्याग्रहात तुरुंगात होता. घरी जाऊन बाई कुणाला सांगणार होती? मी नानांना म्हटलं, हे बरं नाही केलंत. ते म्हणाले, "मालती, तू चित्रं काढ." ऐकून मी पेन्सिल मोडली, एवढंच त्या दिवशी केलं.

त्यानंतर पंधरवड्याने दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एक बाई टॅक्सीतून उतरल्या. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या चांगल्या गिऱ्हाईक. रागाने लाल झाल्या होत्या. त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं, त्यांनी अबोली हार घातला होता, आणि यजमानांची मालवणची आत्या आलेली होती. भरल्या बैठकीत आत्याबाईंनी हार निरखून विचारलं, "पहिली कधी वारली गो?"

"कोण पहिली?"

"गळ्यात घालून फिरतंस आणि माका विचारतंस, कोण?"

झालं. बायकांची बैठक ती. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की डॉक्टरांचं आधी एक लग्न झालं होतं आणि ते त्यांनी लपवलं. डॉक्टर बिचारे दवाखान्यात बसून पेशंटांना सांगत होते की माझी ही पहिलीच. मला हसू आवरेना, आणि हसता हसताच माझा संताप वाढत गेला, कारण नाना काय करत होते ते मी बघत होते. बाईंना खुर्ची दिली. लिंबाचं सरबत मागवलं. हात जोडून माफी मागितली. "चूक झाली वहिनी, आमचीच चूक झाली." हार ताबडतोब परत घेतला, बदली बकुळीहार दिला, टॅक्सीपर्यंत पोचवायला गेले. लालबागची बाई पोर कडेवर घेऊन उभी होती तेव्हा तिला साधं बस म्हटलं नव्हतं.

परत आले ते रघुनाथला म्हणाले, "वरची कडी बदल. टाकासारखं दिसता कामा नये. दोन बाजूंना दोन मोर घाल."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं!" मी ओरडले. गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बघू दे. "देवी नाही हे ठाऊक होतं, टाक कशाचा आहे तेही ठाऊक होतं!"

"मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?" नाना म्हणाले. "माझ्या घरात आहे की."

त्यांच्या तोंडून ते सहज निघून गेलं. मी मात्र तिथेच थबकले. नानांची बायको म्हणजे आमच्या काकू. दिवसातून दोनदा वरून चहा पाठवायच्या, सणाला आम्हा सगळ्यांना वर जेवायला बोलवायच्या, पण पेढीवर कधी पाऊल टाकायच्या नाहीत. त्या नानांच्या दुसऱ्या, हे मला ठाऊक होतं. बाकीचं कधी डोक्यात आलं नव्हतं. मी जिना चढून वर गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. मी घडलेलं सगळं सांगितलं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि तशाच घरच्या लुगड्यात जिना उतरल्या. मी मागोमाग.

पेढीवर दोन-तीन गिऱ्हाइकं होती. काकू सरळ नानांसमोर गेल्या. गळ्यातून आपला टाक काढला आणि काट्याच्या पारड्यात ठेवला. दुसरं पारडं वर गेलं.

"हिचाही ठसा घ्या," त्या म्हणाल्या. "ही तर तुमच्याच घरातली. हिच्यासाठी कुणाला ‘उद्या ये’ म्हणायला नको."

"वर जा," नाना म्हणाले.

"जाते. थोरल्या इथेच राहतील. काचेत कुठे लावायच्या ते तुम्ही बघा."

आणि त्या खरंच गेल्या. टाक पारड्यात पडून राहिला. नाना त्याला हात लावेनात. ज्या माणसाने दुसऱ्याची मेलेली बायको मेणात दाबून हवी तेवढी काढली होती, त्याला स्वतःच्या मेलेल्या बायकोकडे बघवेना. गिऱ्हाइकं हळूच निघून गेली. मग नाना रघुनाथला म्हणाले, "फोड तो ठसा."

"आत्ता नाही," मी म्हटलं. "तिच्यासमोर."

मी लालबागला गेले आणि पार्वतीला घेऊन आले. रघुनाथने ऐरणीवर ठसा ठेवला. कासं ठिसूळ असतं, एका घणात त्याचे तुकडे झाले. पार्वतीने ते पदरात वेचले, शिकलगार धार लावून गेल्यावर बायका विळी तपासतात तसा एकेक तुकडा फिरवून पाहिला. नानांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. जिन्याखाली काकू हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी पार्वतीच्या गळ्यातल्या भागीला कुंकू लावलं, मग पार्वतीला. पार्वतीनेही तसंच केलं; तोवर काकूंच्या गळ्यात त्यांचा टाक परत आला होता. ठशाचे तुकडे पार्वतीने चौपाटीवर जाऊन समुद्रात टाकले.

मी त्याच महिन्यात ती पेढी सोडली. विकले गेलेले हार परत मागवायला नाना तयार नव्हते, म्हणून माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरी मीच गेले. चर्नी रोडजवळच्या एका बाईंनी मला खुर्चीवर बसवून समजावलं, "अहो, हे आपल्या मातीतलं आहे. आपण नाही घालायचं तर कुणी घालायचं?" माझ्या तोंडावर दार लावलं नाही एवढंच. राज्य झालं त्या दिवशी शिवाजी पार्कच्या गर्दीत एका बाईच्या गळ्यात मला भागी दिसली. सगळीकडे आनंद, रोषणाई, पेढे; मीही रडले आनंदाने, खोटं कशाला बोलू. पण त्या गर्दीत एक बाई अशी होती जिला कुणी विचारलं नव्हतं.

पार्वतीशी माझं येणंजाणं राहिलं. मंदा मला मावशी म्हणते. शिकली, परळच्या एका इस्पितळात नर्स झाली. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा त्या घरातलं एकेक गेलं, आणि शेवटी टाकही गेला. पार्वतीने तो आधी मंदाच्या हातात दिला, तिला डोळे भरून बघू दिलं, आणि मग स्वतः जाऊन मोडीत घातला. मला कळवलंसुद्धा नाही. कळवलं असतं तर मी काहीतरी केलं असतं, म्हणून कळवलं नाही. पार्वती वारली तेव्हा तिच्या गळ्यात नुसता दोरा होता.

आणि आता गेल्या वर्षीचं. दादरला एका हॉलमध्ये दागिन्यांचं प्रदर्शन होतं, ‘लोकपरंपरा आणि निसर्ग’ असं काहीतरी. मंदा मला घेऊन गेली, मावशी, तुझ्या धंद्यातलं आहे म्हणून. मी एकेक टेबल शिव्या देत पुढे सरकत होते. एका टेबलाशी मंदा थांबली ती हलेना.

अबोली हार. कुणीतरी जुन्या हारावरून नवा ठसा केला होता. चेहरा झिजून गुळगुळीत झालेला, अबोलीची फुलं आता कसलीही फुलं झालेली. पण गालावरचा दात होता. उलट कुणा डिझायनरला तो इतका आवडला होता की शोभेसाठी त्याने दुसऱ्या गालावरही एक काढला होता.

"महालक्ष्मी आहे मॅडम," टेबलामागची मुलगी म्हणाली. गोड मुलगी, माझ्या नातीएवढी. "दोन्ही गालांवर खळ्या, ही कोकणातली खास शैली आहे."

मंदाने चेहरा हातात घेतला, डाव्या गालावर बोट ठेवलं. "मावशी, हा माझा," ती म्हणाली. मग उजव्या गालावर. "हा यांचा."

मी त्या मुलीला सुनावायला तोंड उघडलं, पण मंदाने पर्स काढली होती.

"विकत घेतेस?" मी म्हटलं. "अगं, चोरीचा माल आहे हा! तुझ्याच आईचा!"

"मग काय करू, मावशी? दुसरीकडे कुठे आहे ती?"

मला नानांचा राग आला, ते गेले त्याला किती वर्षं झाली तरी. त्या डिझायनरचा आला, आत्याबाईंना घाबरून हार परत करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा आला, संपाचा आला. आणि ठसा फुटला त्या दिवशी आनंदाने हुरळून गेलेल्या मालतीचाही आला. तिच्या मनासारखं सगळंच्या सगळं झालं असतं, एकूण एक हार परत येऊन वितळले असते, तर आज मंदाला आईचं तोंड कुठेच दिसलं नसतं. चोरांनी ते सांभाळलं. आता तिला ते चोरांकडून विकत घ्यावं लागत होतं, आणि वर त्या मुलीला थँक यू म्हणावं लागत होतं.

मुलीने हार मखमलीच्या डबीत ठेवला आणि रंगीत कागद ओढला. "मॅडम, गिफ्ट पॅक करू?"

"नको," मंदा म्हणाली. "घरचीच आहे. अशीच नेते."